घाटावरचा मोबाईल आणि पुण्याचा पहारेकरी

वाराणसीत गंगेच्या काठी अहिल्याबाई घाट आणि दरभंगा घाट यांच्या मध्ये मुन्शी घाट आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातील मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ च्या सुमारास तो बांधला. पुढे १९१५ मध्ये या घाटाचा एक भाग दरभंग्याच्या महाराजांकडे गेला आणि त्या भागाला त्यांचे नाव मिळाले. काशीशी मराठी माणसाचे नाते किती जुने आहे, याची साक्ष हा घाट, शेजारचा अहिल्याबाई घाट आणि पलीकडचा भोसले घाट आजही देतात.

ज्या काळात हा घाट बांधला गेला, त्या काळात काशीयात्रेला निघणाऱ्या मराठी यात्रेकरूला ठगांचे आणि पेंढाऱ्यांचे भय होते. तो वाटखर्चापुरती रक्कम जवळ ठेवी, मोठ्या रकमेसाठी सावकाराची हुंडी नेई आणि उरलेली पुंजी घरी ठेवी. वाटेत लुटला गेलाच, तर जवळचे तेवढे जाई.

आज यात्रेकरूच्या खिशात मोबाईल आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय प्रणालीमुळे नावाड्याचे भाडे, पूजेची दक्षिणा आणि चहाचे पैसे एकाच यंत्रातून दिले जातात. मात्र याच यंत्राला बचत खाते, निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवीही जोडलेल्या असतात. म्हणजे आजचा यात्रेकरू घरची सारी तिजोरी बरोबर घेऊन घाटाच्या पायऱ्या उतरत असतो. तिजोरी उघडण्यासाठी चोराने घाटावर येण्याचीही गरज उरलेली नाही.

या पार्श्वभूमीवर संगणक आणि मोबाईल यांच्या रक्षणाचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांकडे पाहणे आवश्यक ठरते. या क्षेत्रातील भारतातील सर्वाधिक परिचित नावांपैकी एक, 'क्विक हील', पुण्याचे आहे. तीन दशकांपूर्वी फ्लॉपीवरचा विषाणू काढून टाकण्यासाठी जन्मलेले हे उत्पादन आजच्या फसवणुकीपुढे कितपत पुरे पडते, हा प्रश्न एका कंपनीच्या नफ्या-तोट्यापुरता मर्यादित नाही.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात देशातील नागरिकांनी सायबर फसवणुकीत २२ हजार ८४५ कोटी रुपये गमावले. त्याआधीच्या वर्षी हा आकडा ७ हजार ४६५ कोटी होता. वर्षभरात नुकसान तिपटीहून अधिक झाले. तक्रारींची संख्या मात्र सुमारे १६ लाखांवरून सुमारे २२ लाख ६८ हजारांवर गेली. म्हणजे ती दीडपटीपेक्षाही कमी वाढली. दोन्ही आकडे शेजारी ठेवले असता प्रत्येक फसवणुकीमागे जाणारी सरासरी रक्कम दुपटीहून अधिक वाढल्याचे दिसते.

दुसरा आकडा सुरक्षा उद्योगाकडून आलेला आहे. क्विक हीलची उद्योगक्षेत्रासाठी असलेली शाखा 'सेक्राईट' आणि 'डेटा सिक्युरिटी कौन्सिल ऑफ इंडिया' यांच्या अहवालानुसार, ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४ या काळात ८४ लाख ४० हजार यंत्रांवर घातक संगणकीय आज्ञावली सापडण्याचे सुमारे ३६ कोटी ९० लाख प्रसंग नोंदले गेले. मिनिटाला सरासरी ७०२ असा तो वेग आहे. संरक्षण विकणाऱ्या कंपनीने धोक्याची मोजदाद करावी, यात हितसंबंध आहे, हे ध्यानात ठेवूनच हा आकडा वाचला पाहिजे. तरीही एक गोष्ट त्यातून दिसते. हे ३६ कोटी प्रसंग म्हणजे पकडले गेलेले हल्ले होत. पहारेकऱ्याने इतके हल्ले पकडूनही नागरिकांचे २२ हजार कोटी गेले. याचा अर्थ असा की पैशाचा मोठा भाग पहारेकरी जिथे उभाच नव्हता, त्या दाराने बाहेर पडला.

हे दार कोणते, हे समजण्यासाठी पहारेकरी मुळात कुठे उभा राहिला, ते पाहावे लागते.

मंगळवार पेठेतील दुरुस्तीचे दुकान

क्विक हीलचे संस्थापक कैलाश काटकर हे मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडून त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम पत्करले. १९९० च्या सुमारास त्यांनी मंगळवार पेठेत स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले आणि पुढे संगणकांच्या दुरुस्तीकडे मोर्चा वळवला. धाकटे बंधू संजय काटकर पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. १९९३ मध्ये 'कॅट कम्प्युटर सर्व्हिसेस' या नावाने व्यवसाय उभा राहिला.

त्या वेळी दुरुस्तीसाठी येणारे अनेक संगणक नादुरुस्त नसत, ते विषाणूग्रस्त असत. महाजाल घरोघरी पोहोचलेले नव्हते. विषाणू फ्लॉपीतून एका यंत्रावरून दुसऱ्यावर जात. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी तयार केलेला 'ब्रेन' हा आयबीएम सुसंगत वैयक्तिक संगणकांवरचा पहिला विषाणू मानला जातो. १९९० मध्ये भारतात प्रथम आढळलेल्या एका विषाणूचे तर नावच 'जोशी' होते. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक थांबवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकित केल्याशिवाय पुढे जाऊ देत नसे. त्या काळातील अनेक विषाणूंमागे पैशापेक्षा खोडसाळपणा आणि मिरवण्याची हौस अधिक होती.

संजय काटकर यांनी अशा विषाणूंचा नाश करणाऱ्या आज्ञावली लिहिण्यास सुरुवात केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास डॉस प्रणालीसाठीचे उत्पादन बाजारात आले. 'झटपट बरे करणारा' या अर्थाच्या नावाप्रमाणेच विषाणू लागलेली फाईल पुसून न टाकता ती दुरुस्त करून देणे, यावर त्याचा भर होता. ज्या कार्यालयात हिशेबाची एकच प्रत असे, तिथे या फरकाचे मोल मोठे होते.

त्याहून महत्त्वाची ठरली ती विक्रीची पद्धत. परदेशी कंपन्यांची उत्पादने बाजारात होतीच. पण संगणक बिघडला की माणूस ज्या दुकानदाराकडे जातो, त्याच दुकानदाराच्या हातून क्विक हील विकले गेले. सीडीची पेटी, तिच्यातील क्रमांक, आणि अडचण आलीच तर घरी येऊन बसवून देणारा ओळखीचा माणूस, असे हे संरक्षण होते. जिथे महाजालाची जोडणी कच्ची होती, तिथे विषाणूंच्या नव्या खुणांची फाईल पेन ड्राईव्हवर नेऊन संगणकात घालता येत असे. तालुक्याच्या गावी हे उत्पादन रुजण्यामागे तंत्राइतकाच या सेवेचा वाटा होता.

२००७ मध्ये कंपनीने 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' हे नाव घेतले. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने तीत ६० कोटी रुपयांची गुंतवणूक केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने समभाग विक्रीतून सुमारे ४५१ कोटी रुपये उभारले. मात्र शेअर बाजारात नोंदणी झाली त्याच दिवशी भाव ३२१ रुपयांच्या विक्रीकिमतीच्या खाली घसरला. घरगुती संगणकाच्या संरक्षणाचा व्यवसाय पुढेही तसाच वाढेल काय, याविषयी गुंतवणूकदारांच्या मनात शंका असल्याचे ते चिन्ह मानता येईल.

व्यवसायाची जमीन सरकली

ही शंका निराधार नव्हती. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विषाणूविरोधी उत्पादन विनामूल्य देण्यास आरंभ केला आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते संरक्षण कार्यप्रणालीतच अंतर्भूत केले. घर बांधणाराच कुलूप देऊ लागल्यावर कुलूप विकणाऱ्याचे गिऱ्हाईक कमी होणे स्वाभाविक होते. त्याच सुमारास सामान्य माणसाचा पहिला संगणक म्हणून मोबाईल पुढे आला. मोबाईलमध्ये प्रत्येक ॲप स्वतःच्या कप्प्यात बंद असते. जुन्या विषाणूंप्रमाणे एका फाईलीतून दुसऱ्या फाईलीत शिरणे तिथे सोपे नसते.

क्विक हीलने २०१५ मध्ये सेक्राईट हे नाव घेऊन उद्योग आणि सरकारी कार्यालयांकडे लक्ष वळवले, ते या पार्श्वभूमीवर. जगातील इतर कंपन्यांचाही कल हाच राहिला आहे. मोठ्या संस्थेला सुरक्षेसाठी पैसे मोजावेच लागतात. मुन्शी घाटावरील नावाडी किंवा विदर्भातून आलेली निवृत्त शिक्षिका मोबाईलच्या संरक्षणासाठी वर्षाला वर्गणी भरण्याची शक्यता मात्र कमीच. ज्याची पुंजी सर्वांत तोकडी, त्याच्या दाराशी पहारा सर्वांत विरळ, अशी ही स्थिती आहे.

विषाणू शिरत नाही, त्याला आत घेतले जाते

फसवणाऱ्यांनी या नव्या स्थितीशी लवकर जुळवून घेतले. मोबाईलच्या कप्प्यांत चोरून शिरणे अवघड असेल, तर मालकाकडूनच दार उघडून घ्यावे, ही त्यांची रीत आहे. अलीकडच्या वर्षांत व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतूक दंडाचे चलन, वीजबिल किंवा सरकारी योजनेच्या नावाने एपीके प्रकारची फाईल येते. एपीके म्हणजे अँड्रॉईड मोबाईलवर ॲप बसवण्याची फाईल. पत्रिका उघडण्यासाठी बोट ठेवले की मोबाईल इशारा देतो, परवानगी मागतो. घाईत ती दिली जाते. मग ते ॲप संदेश वाचण्याची परवानगी मागते, तीही दिली जाते. त्यानंतर बँकेकडून येणारा एकवेळचा संकेतांक मालकाच्या आधी चोराला दिसतो.

या प्रकारात विषाणूविरोधी ॲप निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. पूर्वी आढळलेली घातक फाईल ते खुणेवरून ओळखते. अनोळखी फाईलही तिच्या वागणुकीवरून पकडली जाऊ शकते. पण चोर रोज फाईलीचे रूप बदलतात. शिवाय मालकाने स्वतः दिलेली परवानगी मागे घेण्याचा अधिकार पहारेकऱ्याला सहसा नसतो.

दुसऱ्या प्रकारात तर फाईलच नसते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये यात्रेकरूंसाठी खास इशारा दिला. बनावट संकेतस्थळे, समाजमाध्यमांवरील खोटी पाने आणि शोधयंत्रांवरील पैसे भरून दिलेल्या जाहिराती यांच्या साहाय्याने केदारनाथचे हेलिकॉप्टर, चारधाम यात्रेतील निवास, हॉटेल आणि टॅक्सी यांच्या नावाखाली लूट होत असल्याचे त्यात म्हटले होते. काशीचा यात्रेकरू याच वर्गात मोडतो. परक्या गावी, अनोळखी भाषेत, गर्दीच्या दिवशी खोली मिळवण्याची निकड असलेला माणूस पहिल्या दिसेल त्या क्रमांकावर पैसे पाठवतो. ते पैसे तो स्वतःच्या हाताने, योग्य संकेतांक टाकून पाठवतो. यंत्राच्या दृष्टीने त्यात काहीही गैर घडलेले नसते.

'डिजिटल अरेस्ट' ही याच मालिकेतील पुढची पायरी. पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याची बतावणी करून दूरचित्रसंवादावर माणसाला तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस धाकात ठेवले जाते. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात' कार्यक्रमात पंतप्रधानांना या फसवणुकीविषयी बोलावे लागले. थांबा, विचार करा आणि मग कृती करा, अशा तीन पायऱ्या त्यांनी सांगितल्या. यांतील एकही पायरी सॉफ्टवेअर माणसाच्या वतीने चढू शकत नाही.

सुरक्षा कंपन्यांनाही हे उमगले आहे. क्विक हीलने २०२४ मध्ये 'अँटीफ्रॉड.एआय' हे फसवणूक ओळखण्यासाठीचे वेगळे उत्पादन आणले. विषाणूविरोधी ही ओळख मागे पडून फसवणूकविरोधी ही ओळख पुढे येत आहे, ही बाब या उद्योगाची दिशा स्पष्ट करते.

एकाचे उघडे दार, दुसऱ्याचा घात

आपल्या यंत्राचे जे व्हायचे ते होवो, त्याचा इतरांशी काय संबंध, असा एक समज असतो. मुन्शी घाटाच्या परिसराने या समजाचे उत्तर पाहिलेले आहे. या घाटाकडून अहिल्याबाई घाट ओलांडला की शीतला घाट लागतो. ७ डिसेंबर २०१० रोजी संध्याकाळच्या गंगा आरतीच्या वेळी तिथे स्फोट झाला आणि त्यात एका चिमुरड्या मुलीचा बळी गेला. स्फोटाची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईतील वाशी येथून, एका सुरक्षित न ठेवलेल्या वाय-फाय जोडणीचा गैरवापर करून पाठवण्यात आल्याचे तपासात आढळले. जोडणीच्या मालकांचा त्या कृत्याशी संबंध नसतानाही त्यांना पोलीस चौकशीला सामोरे जावे लागले.

वाशीतील एक उघडे दार आणि काशीतील एक घाट यांच्यामध्ये हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर होते. महाजालावर ते अंतर काही क्षणांचे ठरले. विषाणूग्रस्त यंत्रांबाबतही हेच घडते. मालकाच्या नकळत हजारो संगणक आणि मोबाईल एकत्र जुंपून त्यांच्याकरवी इतरांवर हल्ले केले जातात. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले, ते अशी यंत्रे शोधून साफ करण्यासाठी. या केंद्रातर्फे विनामूल्य दिल्या जाणाऱ्या सफाईच्या साधनांत क्विक हीलच्या साधनाचाही समावेश झाला. गल्लीतील एका घरातली अस्वच्छता साऱ्या गल्लीला बाधते, हे सार्वजनिक आरोग्याचे तत्त्व येथे तंतोतंत लागू पडते.

पहारेकऱ्यावर कोणाचा पहारा?

यंत्राच्या रक्षणासाठी नेमलेल्या सॉफ्टवेअरला यंत्रातील जवळपास सर्व अधिकार द्यावे लागतात. त्यामुळे रक्षकाच्या हातून चूक झाली किंवा रक्षकालाच कोणी फितवले, तर होणारे नुकसानही तेवढेच मोठे असते. १९ जुलै २०२४ रोजी अमेरिकेतील क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष बदलामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो कोणा शत्रूचा हल्ला नव्हता.

एप्रिल २०२४ मध्ये अव्हास्ट या कंपनीच्या संशोधकांनी उघड केलेली घटना याहून बोलकी आहे. मुंबईत कार्यालय असलेल्या मायक्रोवर्ल्डच्या 'ई-स्कॅन' या विषाणूविरोधी उत्पादनाला मिळणारे ताजे बदल वाटेतच अडवून हल्लेखोरांनी त्यांच्या जागी घातक आज्ञावली घुसवली होती. अव्हास्टने ही त्रुटी कंपनीला आणि 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवली आणि जुलै २०२३ मध्ये ती दूर झाल्याचे कंपनीने कळवले. ज्या वाटेने औषध येते, त्याच वाटेने विष येऊ शकते, हे या घटनेने दाखवले.

तिसरा प्रश्न निष्ठेचा आहे. अमेरिकेने जून २०२४ मध्ये रशियातील कॅस्परस्की कंपनीच्या उत्पादनांच्या विक्रीवर बंदी घातली आणि सप्टेंबरअखेरपासून तेथील ग्राहकांना नवे बदल पुरवण्यासही मनाई केली. कारण तांत्रिक दोषाचे नव्हते. परक्या सरकारच्या प्रभावाखालील कंपनीला देशातील यंत्रांत इतका शिरकाव असू नये, असे ते होते. भारतानेही जुलै २०१८ मध्ये सरकारी खरेदीत देशी सायबर सुरक्षा उत्पादनांना प्राधान्य देणारा आदेश काढला होता. पुणे, मुंबई आणि चेन्नई येथील कंपन्यांना त्याने बळ मिळते, हे खरे. पण ई-स्कॅनचे उदाहरण पाहता उत्पादन देशी असणे एवढेच पुरेसे नाही. त्याची त्रयस्थ तपासणी आणि चूक झाल्यास ती जाहीर करण्याची शिस्त यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

भार कोणी वाहायचा

यातून जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. फसवणूक झाली की सर्वांत सोपे उत्तर म्हणजे 'ग्राहकाने काळजी घ्यायला हवी होती'. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने एक तत्त्व घालून दिले. चूक बँकेची असेल, किंवा ती ग्राहक वगळता तिसऱ्या कोणाची असेल आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर भार नाही. संकेतांक देण्यासारखा निष्काळजीपणा ग्राहकाचा असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. कागदावर हा भेद स्पष्ट आहे. लग्नपत्रिका समजून उघडलेल्या फाईलीने संकेतांक परस्पर पळवला, तर त्याला निष्काळजीपणा म्हणायचे की चोरी, याचे उत्तर मात्र तितके सोपे नाही.

शिवाय मोठमोठ्या संस्थाही या हल्ल्यांपुढे हतबल ठरलेल्या आहेत. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यातील कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक आज्ञावली घुसवून ९४ कोटी ४२ लाख रुपये लुटण्यात आले. २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले, आणि देशात ते काढले गेले त्या ठिकाणांत कोल्हापूरही होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयाचे सर्व्हर खंडणीखोर आज्ञावलीने जखडले गेले आणि रुग्णनोंदणीसह अनेक कामे अनेक दिवस हाताने करावी लागली. तज्ज्ञांची फौज बाळगणाऱ्या संस्थांची ही स्थिती असेल, तर घाटावरील गर्दीत उभ्या असलेल्या एकट्या माणसाने सारा भार वाहावा, अशी अपेक्षा न्याय्य ठरत नाही.

काही पावले पडली आहेत. १९३० हा मदत क्रमांक आणि त्यामागील यंत्रणेमुळे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकत असतानाच ते गोठवणे शक्य झाले. सरकारच्या माहितीनुसार २०२१ पासून जुलै २०२५ पर्यंत या मार्गाने ५ हजार ४८९ कोटी रुपये वाचले. बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'बँक डॉट इन' हा राखीव पत्ता देण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये अमलात आणला. त्यामुळे बनावट बँक ओळखण्याची एक खूण सामान्य माणसाला मिळाली. धर्मशाळा, भक्तनिवास आणि देवस्थाने यांच्या संकेतस्थळांसाठीही अशी एखादी खूण असायला हरकत नाही.

ओळखीचा माणूस पुन्हा हवा

उरतो तो प्रश्न सुरक्षा कंपन्यांच्या भूमिकेचा. क्विक हीलच्या वाटचालीतील सर्वांत मोलाचा धडा तंत्रज्ञानाचा नाही. हे उत्पादन वाढले, कारण ते विकणारा दुकानदार गिऱ्हाईकाच्या भाषेत बोलत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी भेटत होता. संगणकाकडून मोबाईलकडे जाताना आणि दुकानातून महाजालावर जाताना हा दुवा तुटला. आज मोबाईलमध्ये शंका आली तर विचारायचे कोणाला, हे बहुतेकांना ठाऊक नसते. ही पोकळी चोरांनी भरून काढली आहे. गोड बोलणारा, तत्परतेने मदत करणारा, स्वतःहून फोन करणारा माणूस म्हणजेच अनेकदा चोर असतो.

म्हणून या उद्योगाने सॉफ्टवेअरबरोबर पुन्हा ती ओळख उभी करणे आवश्यक आहे. इशारे मराठी, हिंदी, भोजपुरी अशा वापरकर्त्याच्या भाषेत, सोप्या शब्दांत आणि मोठ्या अक्षरांत हवेत. 'या ॲपला एसएमएस वाचण्याची परवानगी द्यायची काय' या प्रश्नाऐवजी 'हे ॲप तुमच्या बँकेचे संदेश वाचू शकेल' असे स्पष्ट वाक्य असेल, तर अनेक बोटे जागीच थांबतील. मोबाईल विकणारा आणि दुरुस्त करणारा गावोगावचा दुकानदार या साखळीत पुन्हा आला, तर वर्गणी न भरणाऱ्या गिऱ्हाईकापर्यंतही काही संरक्षण पोहोचेल. बँकांनीही अनोळखी खात्यात जाणारी मोठी रक्कम काही काळ थांबवून ग्राहकाला पुन्हा विचारण्याची सोय वाढवली पाहिजे. थांबून विचार करण्याचा सल्ला देणे सोपे आहे. थांबण्यासाठी वेळ मिळेल अशी व्यवस्था करणे हे संस्थांचे काम आहे.

तोवर यात्रेकरूच्या हाती काही साधे उपाय आहेत. मोबाईलच्या कार्यप्रणालीतील बदल वेळोवेळी स्वीकारावेत. संदेशातून आलेली फाईल बसवू नये. ॲप अधिकृत भांडारातूनच घ्यावे. यात्रेतील खर्चासाठी वेगळे, मर्यादित रकमेचे खाते यूपीआयला जोडावे आणि ठेवींचे खाते त्यापासून दूर ठेवावे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा संकेतांक टाकावा लागत नाही, हे कायम ध्यानात ठेवावे. घात झालाच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम वाचण्याची आशा अधिक असते.

यांतील वेगळ्या खात्याचा उपाय तसा जुनाच आहे. मुन्शी घाट बांधला गेला त्या काळातील यात्रेकरू वाटखर्च तेवढा जवळ ठेवून उरलेली पुंजी घरी ठेवत असे. विषाणूविरोधी सॉफ्टवेअर हा तिजोरीच्या दाराशी उभा असलेला पहारेकरी आहे आणि तो असायलाच हवा. पण सारी तिजोरी बरोबर घेऊन प्रवासाला न निघण्याचा शहाणपणा माणसाचा स्वतःचाच असावा लागतो, आणि दार उघडण्यापूर्वी क्षणभर थांबता येईल, अशी सोय व्यवस्थेने करून द्यावी लागते.